तक्रार विभागातली ताई

ताई दिवसभर लोकांना राउटर बंद करून परत चालू करायला सांगायची. तेच तिचं काम होतं.

इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती होती, आणि गेली काही वर्षं घरूनच काम करत होती. कानाला हेडफोन, समोर कंपनीने दिलेला लॅपटॉप, पडद्याच्या डाव्या अंगाला ग्राहकाची माहिती आणि उजव्या अंगाला तिने बोलायची वाक्यं. ग्राहक चिडलेला असेल तर एक वाक्य, रडकुंडीला आलेला असेल तर दुसरं. सुरुवातीला ती त्यात पदरचा मीठमसाला घालायची. "अहो आजी, काळं डबडं नाही, पांढरं डबडं," असं सांगता सांगता हसायची आणि वरिष्ठांची बोलणी खायची. आता घालत नव्हती. लिहिलंय तेवढं वाचायची.

"बाई, तुम्ही माणूस आहात की मशीन?" एका गृहस्थांनी विचारलं होतं.

"माणूस आहे, सर."

"मग माणसासारखं बोला की जरा!"

"हो सर. कोणता दिवा लाल दिसतोय?"

"माझ्या डोळ्यांतला!"

"आणि राउटरवरचा, सर?"

कंपनीत असे कॉल नंतर कुणीतरी ऐकायचं आणि त्यांना गुण द्यायचं. ताईच्या आवाजाला पैकीच्या पैकी मिळाले. शेरा होता, 'अत्यंत शांत'. धाकटा गेल्यानंतर तिचे गुण वाढतच चालले होते. अभिनंदनाचा ई-मेल आला तेव्हा तिने तो वाचला आणि पुढचा कॉल घेतला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. हिवाळा संपता संपता एक दिवस ऑफिसचा जिना चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. घरात कुरबुर करण्याचं खातं त्याच्याकडे होतं. चहा पाणचट झालाय, पंखा कुरकुरतोय, वरच्यांनी सकाळी सकाळी टेबलं का सरकवायची. "ताई, तुमच्या कंपनीत मला घ्या," तो म्हणायचा. "फोन करणाऱ्यांच्या बाजूने. मी एकटा सगळ्या विभागाला पुरून उरेन." तो गेला आणि घरात सगळं एकदम ठीक झालं. चहा जसा होता तसा प्यायला जाऊ लागला.

लोक भेटायला आले, बसले, गेले. ताई रडली नाही. बायका हलक्या आवाजात म्हणाल्या, तिने आत घेतलंय. ते तिच्या कानावर आलं. आत म्हणजे कुठे, हे तिने नंतर एकदोनदा शोधून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, लांबट आकाराचं. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा मध्ये प्लायवुडची भिंत घालून त्याचे दोन भाग केले होते. भांडणबिंडण काही नव्हतं. नव्या जोडप्याला आपलं दार असावं एवढंच. या भागात ताई आणि बाबा, त्या भागात धाकटा आणि त्याची बायको. विजेचा मीटर मात्र एकच राहिला, ताईच्या बाजूला. धाकटा गेल्यावर भावजय माहेरी गेली. जाताना तिने किल्ली ताईच्या हातात दिली. "ताई, आत काही हलवू नका. मी येऊन आवरीन." अजून ती आली नव्हती.

बाबा कारखान्यात लेथ मशीनवर होते. हातांना अजून काळसर खुणा होत्या, पण पायांत जोर उरला नव्हता. धाकट्यानंतर ते बाथरूममध्ये दोनदा पडले. दुसऱ्या वेळी ताई पुढच्या खोलीत कॉलवर होती, आणि ग्राहकाची तक्रार नोंदवून होईपर्यंत तिला कळलंही नाही. त्याच संध्याकाळी तिने आपलं टेबल उचलून बाबांच्या खोलीत नेलं. त्यांचा पलंग एका बाजूला, प्लायवुडच्या भिंतीला लागून तिचं टेबल. मान वळवली की बाबा दिसत.

नेट तेव्हापासून तुटायला लागलं.

कॉल ऐन रंगात यायचा, ग्राहक टेबलाखाली वाकून वायरी मोजत असायचा, आणि ताईच्या कानात एकदम शांतता पसरायची. पडद्यावर वायफाय जोडलेलं दिसायचं. नाव घरचंच, सिग्नलच्या कांड्या सगळ्या भरलेल्या, आणि खाली बारीक अक्षरांत: इंटरनेट नाही. मग ती हेडफोन काढायची, दार उघडायची, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायची, राउटर बंद करायची, थांबायची, चालू करायची. परत येऊन बसेपर्यंत सगळं सुरळीत. लोकांना सांगत होती तोच उपाय तिला लागू पडत होता. म्हणून पुढे विचार करायचं कारणच पडलं नाही.

ग्राहकाच्या बाजूने मात्र बाईने फोन आपटला असं दिसायचं. त्याची नोंद व्हायची. नोंदी साठल्या तेव्हा टीम लीडरचा फोन आला. लीडर ताईपेक्षा बराच लहान, तिला ताईच म्हणायचा.

"ताई, काय चाललंय? गेल्या आठवड्यात तुम्ही निम्म्या शहराचा फोन कापलात."

"मी नाही कापला. नेट जातं."

"इंटरनेट कंपनीत काम करता आणि नेट जातं म्हणता! वर सांगू कसं मी हे?"

"खरं आहे ते सांगा."

तो जरा घुटमळला. "हे बघा, वरून निरोप आलाय. सोमवारी तुमची पूर्ण शिफ्ट मी लाइनवर बसून ऐकणार. एक जरी कॉल तुटला तरी घरून काम बंद. मग रोज ऑफिसला यायचं."

"बाबांना एकटं ठेवता येत नाही."

"माहितीये हो मला. म्हणून तर आधी सांगतोय."

ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी गेलेलं माणूस दिवेलागणीला परतणार. दिवसभर बाबांजवळ बसेल असं कुणी नव्हतं, आणि नोकरी सोडून चालणार नव्हतं. ताईने हे मनातल्या मनात एकदा मांडून पाहिलं. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. दुसऱ्या कुणाची तक्रार वाचावी तसं ते तिला कळत होतं.

घरचं कनेक्शन कंपनीचंच होतं, तेव्हा तक्रारही आपल्याच विभागात करायची. फोन उचलला तो तिच्या शेजारी एके काळी बसणाऱ्या मैत्रिणीने.

"नमस्कार, आपली काय सेवा करू शकते?"

"अगं, मी आहे."

"ओळखलं गं आवाजावरून. पण मला वाचावंच लागतं, रेकॉर्ड होतंय. ग्राहक, आपण राउटर बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?"

"हो."

"वायर नीट बसली आहे का?"

"हो."

"राउटरच्या आसपास मायक्रोवेव्ह, आरसा किंवा फिश टँक आहे का?"

"अगं, तू आली आहेस ना घरी?"

"आले आहे, पण विचारावं लागतं! फिश टँक?"

"नाही."

"आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत." आणि मग एकदम खालच्या पट्टीत, "शिडीवाल्याला पाठवते."

शिडीवाला म्हणजे त्या भागाचा तंत्रज्ञ. नेहमी घडीची शिडी खांद्याला लावून फिरायचा. गरज असो नसो, शिडी नसेल तर लोक आपल्याला दारातच उभं करतात असं त्याचं म्हणणं होतं. तो आला, पुढच्या खोलीत वेग तपासला, बाबांच्या खोलीत तपासला. दोन्हीकडे उत्तम. वायर बदलली, राउटर जरा उंचावर ठेवला आणि गेला. त्याच दुपारी कॉल तुटला. तो परत आला. आल्यावर पुन्हा सगळं उत्तम.

"ताई, तुमचं नेट मला बघून शहाण्यासारखं वागतं," तो म्हणाला.

शुक्रवारी तो तिसऱ्यांदा आला. टेबलाजवळ उभा राहून मोबाइलवर वेग बघत असतानाच ताईला कॉल आला. कॉल घेताना खोलीचं दार बंद हवं, हा कंपनीचा नियम. तिने त्याला हाताने खूण केली. त्याने दार लोटलं आणि आतच उभा राहिला.

"नमस्कार, आपली काय..." ताईने सुरुवात केली. समोरच्या बाई सांगू लागल्या की कालपासून टीव्ही नुसता गोल गोल फिरतोय. ताई ऐकत होती. शिडीवाला आपल्या मोबाइलकडे पाहत होता. त्याने भुवया वर केल्या. दार थोडं उघडलं, मोबाइल पाहिला. दार लावलं, मोबाइल पाहिला. तेवढ्यात त्या बाईंचा आवाज गडप झाला.

"गेलं," ताई म्हणाली.

"जाणारच. इकडे बघा."

त्याच्या मोबाइलवर आसपासची सगळी वायफाय दिसत होती. घरच्या नावाच्या दोन ओळी होत्या. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच. एका ओळीचा जोर दार लावल्याबरोबर खाली गेला होता. दुसरी होती तिथेच होती, भक्कम.

"तुमच्याकडे दोन राउटर आहेत?"

"नाही. एकच."

"मग ही दुसरी ओळ कुणाची? अगदी जवळ आहे. हाताच्या अंतरावर." त्याने प्लायवुडवर बोटांनी टकटक केली. "पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, त्याचा राउटर चालू आहे."

ताईने भिंतीकडे पाहिलं. "भावाचं घर आहे."

"आलं लक्षात! दोघांनी एकच नाव, एकच पासवर्ड ठेवलाय. लॅपटॉपला काय कळतं त्यातलं? त्याला दोन्ही घरचेच. दार उघडं तोवर तुमच्या राउटरला धरतो, दार लावलं की तुमचा क्षीण होतो, मग हा पलीकडच्याला जाऊन चिकटतो. आणि पलीकडे नेट बंद केलेलं दिसतंय. नुसतं मशीन चालू. तुम्ही राउटर बंद-चालू करायला दार उघडून जाता, तेवढ्यात हा परत तुमच्याकडे येतो. तुम्हाला वाटतं, बंद-चालू केल्याने झालं!" स्वतःच्या शोधावर तो खूश होता. "भावाला सांगा, बटण दाबा म्हणावं. मिटला विषय."

"तो नाहीये."

"कधी येतील?"

"येणार नाही."

 शिडीवाल्याने मोबाइल खिशात घातला आणि आधीच मिटलेली शिडी पुन्हा मिटली.

"मग असं करू," तो म्हणाला, "तुमच्याच वायफायचं नाव बदलू. चुटकीसरशी होईल."

पण तेही होण्यातलं नव्हतं. लॅपटॉप कंपनीचा, कुलूपबंद; मंजूर केलेल्या नावाखेरीज दुसऱ्या वायफायला तो जोडलाच जात नव्हता. नवं नाव मंजूर व्हायला अर्ज, अर्जाला आठवडा. टेबल पुढे न्यायचं तर बाबा नजरेआड. दार उघडं ठेवायचं तर नियम मोडतो, आणि सोमवारी लीडर कान लावून बसणार. ताईने एकेक करून सगळं खोडलं. उरलं ते पलीकडचं बटण.

दोन नावं एक का, हे तिला माहीत होतं. फक्त ते माहीत आहे हे ती विसरली होती. धाकट्याने नवं कनेक्शन घेतलं तेव्हा बाबा दोन्ही घरांत ये-जा करायचे, हातात टॅबलेट घेऊन, लेथवर लोखंड कातण्याचे व्हिडिओ बघत. दर वेळी पासवर्ड टाकायला लागला असता. म्हणून धाकट्याने नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलं. बाबा इकडून तिकडे जायचे आणि लेथ फिरतच राहायचा. दोन्हीकडे नेट चालू होतं तोवर कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने भावजयीला फोन केला.

"अगं, मी बोलतेय."

"बोला ना ताई. बाबा बरे आहेत?"

"बरे आहेत. तुमच्या घरातला राउटर चालू राहिलाय. तो बंद करावा लागतोय मला." ताईने कारण सांगितलं. ग्राहकाला सांगावं तसं, क्रमाने.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"नेट मी बंद केलं होतं," भावजय म्हणाली. "मशीन परत न्यायला त्यांचा माणूस येणार होता. मीच सांगितलं, घर बंद आहे, नंतर या."

"हं."

"कपाटावर आहे, मागच्या बाजूला. हात पुरणार नाही तुमचा. स्टूल घ्या. ते डुगडुगणारं नको, दुसरं."

"घेते."

"धूळ असेल हो खूप."

"असू दे. मी काही हलवत नाही. नुसतं बटण."

 फोन तुटला की काय म्हणून ताईने पडदा पाहिला. चालू होता.

"ताई, एक विचारू? तुम्हाला काही होतं का हो?"

"काय?"

"काही. काहीही. रडू वगैरे."

"नाही."

"मलाही नाही," भावजय म्हणाली. "आई म्हणते, होईल. जसा काही परीक्षेचा निकाल लागायचाय." ती हसल्यासारखं हसली. "माझी वाट नका बघू ताई. करा बंद."

ताईने फोन ठेवला, बाबांना सांगितलं "आलेच," आणि किल्ली घेऊन पलीकडे गेली.

आत हवा कोंदलेली होती. दाराशी चपलांचे जोड, खुर्चीच्या पाठीवर त्याचा शर्ट, टेबलावर स्क्रू आणि उघडलेला पंख्याचा रेग्युलेटर. कुरकुरणारा पंखा त्याने दुरुस्तीला घेतला होता, हे तिला माहीत नव्हतं. ती सगळ्याच्या कडेकडेने गेली. स्टूल घेतलं, दुसरं. वर चढली. कपाटावर धुळीच्या जाड थरात राउटर बसला होता आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. एक दिवा लाल होता. लाल दिवा म्हणजे बाहेरून काही येत नाही. हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणायची, पण आता कुणी विचारलं नव्हतं.

तिने बटण दाबलं. दिवे गेले. स्टुलावर उभं राहून तिने जरा वाट पाहिली. काही झालं नाही. बोटाची धूळ तिने ओढणीला पुसली, स्टूल होतं तिथे ठेवलं आणि कुलूप लावलं.

आपल्या दारातून आत आली तर बाबांच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. धावतच गेली. बाबा पलंगावर उठून बसले होते आणि उशीकडे बघत होते. घरघर उशीखालून येत होती. ताईने उशी उचलली. खाली टॅबलेट होता, चार्जरला लावलेला, आणि त्यावर लेथ फिरत होता. पोलादाच्या दांड्यावरून चकचकीत साल निघत होती, गुंडाळी होऊन खाली पडत होती. व्हिडिओ मधूनच सुरू झाला होता.

"बाबा, हे कधीपासून बंद होतं?"

"झाले दिवस."

"सारखं गोल फिरत होतं?"

"हो. मी रोज लावून बघायचो. फिरायचं नुसतं."

त्यांचा पलंग भिंतीपासून फार लांब नव्हता. टॅबलेट पलीकडच्या राउटरला धरून बसला होता, त्याने तो सोडलाच नव्हता.

"मग मला सांगितलं का नाही? मी दिवसभर इथे बसते, बाबा. हेच काम करते मी."

बाबांनी टॅबलेट हातात घेतला. "ते तो बघायचा ना," ते म्हणाले. "तुला कशाला त्रास."

ताई उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि उजव्या अंगाला काही लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी लीडर लाइनवर आला. "मी आहे असं समजूच नका," म्हणाला. ताईने दार लावलं. पहिला कॉल एका काकांचा, त्यांचा पासवर्ड नातवाने बदलला होता आणि नातू सहलीला गेला होता. दुसरा एका शिंप्याचा, त्याच्या दुकानात पावती निघत नव्हती. एक बाई नवऱ्यावर चिडली होती आणि राग ताईवर काढत होती. ताईने सगळ्यांना लिहिलेलं वाचून दाखवलं. लाइन हलली नाही. दुपार पार झाली, चार वाजून गेले, आणि शिफ्ट संपली तरी एकही कॉल तुटला नव्हता.

"ताई, जिंकलात!" लीडर म्हणाला. "घरूनच करा काम. मी आत्ताच वर कळवतो."

"बरं."

"काय हो, आनंद नाही झाला?"

"झाला."

"आवाजावरून तर काही कळत नाही तुमच्या."

"त्यालाच गुण देता ना तुम्ही," ताई म्हणाली.

 लीडर मोठ्याने हसला, उद्या बोलू म्हणाला आणि गेला.

तिने हेडफोन काढून ठेवला. लॅपटॉप मिटला. पलंगावर बाबांनी टॅबलेट नाकाजवळ धरला होता आणि बोटाने त्यावर टिचक्या मारत होते.

"ताई," ते म्हणाले, "हे मध्ये मध्ये अडकतंय गं. आणि आवाजही बारीक आहे. आधी असं नव्हतं."

बंद दाराआड तिच्या राउटरचा जोर जेमतेमच पोचत होता; असं होणार हे तिला ठाऊक होतं. त्यावर सांगायची वाक्यंही तोंडपाठ होती. तिने खुर्ची मागे सारली, दार सताड उघडलं आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली.

"कुठे अडकतंय?" ती म्हणाली. "पहिल्यापासून लावा बघू."

बाबांनी पहिल्यापासून लावलं. लेथ फिरायला लागला आणि ती बघत बसली.